सातूचं पाणी

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, ऐन दहीहंडीच्या दिवशी भाचा म्युनिकहून साताऱ्यात आला आणि त्यानं बॅगेतून चार लोकरी मोजे काढले. प्रत्येक मोज्यात एकेक बाटली. अर्ध्या लिटरच्या चार, म्हणजे बरोबर दोन लिटर, कारण विमानातून येताना जकात न भरता तेवढीच आणायची मुभा आहे.

"मामा, ऑक्टोबरफेस्टची बिअर! आमच्या म्युनिकच्या उत्सवाची, यंदाची. दुकानात नुकतीच लागलीय."

तारीख होती १६ ऑगस्ट. महिना श्रावण. गटारी होऊन तीन आठवडे उलटून गेले होते. पण भाच्याला मराठी पंचांग कळत नाही, त्याला फक्त विमानाचं तिकीट स्वस्त कधी मिळतं ते कळतं. मी बाटल्या मोज्यांसकट फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात, मेथीच्या दोन जुड्यांखाली दडवल्या. वीस मिनिटांनी आईला मेथी निवडायची होती.

"हे काय रे?"

मोज्यातून तपकिरी काच डोकावत होती. लेबलवर निळ्या-पांढऱ्या शंकरपाळ्यांची नक्षी आणि खाली हातभर लांबीचे जर्मन शब्द.

"सातूचं पाणी," मी म्हणालो.

हे अगदीच खोटं नव्हतं. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या मुलखात, १५१६ साली कायदाच झाला की बिअरमध्ये सातू, हॉप्स नावाची कडवट फुलं आणि पाणी एवढंच घालायचं. मी फक्त हॉप्स गाळले. यीस्ट तर त्या कायद्यातसुद्धा गाळलेलं होतं.

"मग मोज्यात कशाला?"

"थंडीतलं असतं ना ते."

दुसऱ्या दिवशी मेथी संपली होती आणि बाटल्या तीन होत्या. चौकशी केली तेव्हा कळलं, एक शेजारच्या आप्पांकडे गेली. आप्पांना मुतखडा. डॉक्टरांनी भरपूर पातळ घ्यायला सांगितलेलं, आणि सातूचं पाणी लघवीला चांगलं हे आईला तिच्या आईपासून माहीत. आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात न टाकलेले आमचे आप्पा! त्या रात्री त्यांचा हरिपाठ नेहमीपेक्षा वीस मिनिटं जास्त चालला आणि मी गॅलरीत उभा राहून घाम पुसत होतो.

आता उरलेल्या तीन बाटल्यांचं. माणसंही तीनच होती. मी, बापू आणि मास्तर. बापूंचं खतं-औषधांचं दुकान आहे. मास्तर भूगोल शिकवून निवृत्त झाले, पण शिकवायचे थांबलेले नाहीत. गांधी मैदानावर भेळेच्या गाडीपाशी मी बातमी फोडली, तेव्हा बापू म्हणाले, "शनिवारी, २३ तारखेला श्रावण संपतोय. मंगळवारी हरतालिका, बुधवारी गणपती. रविवारीच बसू. आलेला माल लगेच फिरवायचा असतो, राव."

ठरलंच होतं. तेवढ्यात मास्तरांनी भेळेतली मिरची बाजूला काढली. मास्तरांनी मिरची बाजूला काढली की समजायचं, तास सुरू झाला.

"तुम्ही ऑगस्टात ऑक्टोबरफेस्टची बिअर पिणार?"

"मग काय करू? दुकानात लागलीय म्हणं की तिकडं."

"आकाशकंदील मोती चौकात गणपतीतच लागतात. म्हणून तुम्ही दिवाळी गणपतीत करता का?"

मग सगळं आलं. जुन्या काळी उन्हाळ्यात गाळलेली बिअर आंबून जायची. म्हणून १५५३ साली बव्हेरियात फर्मान निघालं, की बिअर गाळायची ती २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढ्याच मुदतीत. मग लोक मार्चमध्ये जरा कडक माल गाळून ठेवायचे. तिचं नावच मेर्त्झेन, मार्चवाली. ती तळघरात, हिवाळ्यात तळ्यांवरून कापून आणलेल्या बर्फाशेजारी मुरायची. लागर या शब्दाचा अर्थच साठवण. वर सावलीसाठी चेस्टनटची झाडं लावायची. नवा हंगाम सुरू व्हायच्या आधी पिंपं रिकामी करायला हवीत, म्हणून शिल्लक माल शरदात संपवायचा.

"म्हणजे दिवाळीआधी माळा रिकामा करतात तसं," मी म्हणालो.

"तसंच. आणि १२ ऑक्टोबर १८१० रोजी तिथल्या युवराजाचं लग्न झालं, त्या थाटात घोड्यांच्या शर्यती लावल्या, तो उत्सव पुढं चालू राहिला. नवरी थेरेझा, म्हणून त्या मैदानाला आजही तिचंच नाव आहे. पुढं ऑक्टोबरात गारठा फार म्हणून उत्सव सप्टेंबरात ओढला."

बापू शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी पुरी मोडली. "मास्तर, एक हिशोब करू द्या. बिअर मार्चची. सणाचं नाव ऑक्टोबर. सण बसतो सप्टेंबरात. दुकानात ऑगस्टात. ह्यांच्यात पंचांग कोण काढतं?"

याला खरं तर उत्तर नव्हतं. उलट भाच्यानं माहितीत भर घातली होती, की अमेरिकेत शरद ऋतूच्या बिअर जुलैतच फळीवर येतात. भोपळा घातलेलीसुद्धा. दुसऱ्यानं आधी माल लावला तर आपली फळी जाते, या भीतीनं प्रत्येक जण दर वर्षी आठवडाभर पुढं सरकतो. या वेगानं गेल्यावर शरदाची बिअर होळीला मिळेल, आणि मग ती खरोखरच मार्चची होईल.

पण मास्तर हलले नाहीत. "२० सप्टेंबर, शनिवार. दुपारी बाराला म्युनिकचा महापौर पहिल्या पिंपाला तोटी ठोकतो. तोवर तिथं मंडपात कुणालाही घोट मिळत नाही. आपल्याकडं तेव्हा साडेतीन वाजलेले असतात. साडेतीनला उघडायची. नाहीतर मग सरळ कोकम सरबत प्या."

मास्तरांच्या हाताखाली मी भूगोल शिकलोय. नाही म्हणवलं नाही. २४ ऑगस्टचा रविवार कोरडा गेला. संध्याकाळी बापूंनी फोन करून नुसता श्वास ऐकवला.

पुढचं वेळापत्रक सांगतो. गणपती बसले, गौरी आल्या, गेल्या. त्या दहा दिवसांत बाटल्यांवर आधी दूर्वा आल्या, मग केवडा, मग उकडीच्या मोदकांची पिठी. ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. ८ पासून पितृपक्ष. मध्ये एक रविवार, ७ तारीख, सुटा राहत होता. बापूंनी तो बरोबर हेरला. "मास्तर, तेरा दिवसांनी काय बिघडतंय? महापौर काय बघायला येतोय का?" मास्तरही जरा विरघळलेले दिसले. पण त्या रात्री नेमकं खग्रास चंद्रग्रहण होतं. दुपारपासून वेध. आईनं फ्रीजमधल्या प्रत्येक भांड्यावर तुळशीचं पान ठेवलं. सातूच्या पाण्यावरसुद्धा. तीन बाटल्यांच्या बुचांवर तीन तुळशीपत्रं पाहिल्यावर बाटली उघडायचा धीर कुणाला होईल?

मग आली ती २० सप्टेंबर. मास्तरांचा मुहूर्त. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या आणि आमच्याकडे बाबांचं श्राद्ध. दुपारी साडेतीन वाजता, महापौर तिकडे हातोडा उचलत असताना, मी पोवई नाक्याजवळ अळूच्या गड्ड्या आणि आमसुलं घेत उभा होतो. मास्तरांचा फोन आला, "ठोकला बघा!" आवाजात मुंजीचा उत्साह. मी म्हटलं, "मास्तर, पितर जेवायला यायचेत उद्या." पलीकडे शांतता. घरी आई म्हणत होती, "बाबांना आवडायचं ते सगळं पानात यायला हवं हं." बाबा महाबळेश्वरला गेले की काय आवडीनं घ्यायचे ते मला माहीत होतं. मी अळू निवडत बसलो.

२२ ला घट बसले. नवरात्र. २ ऑक्टोबरला दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी. सोनं लुटायचं की नाही एवढाच प्रश्न नव्हता, ड्राय डेला आपट्याच्या पानांसमोर बुच उडवायचं का हाही होता. ३ ला एकादशी. ४ ला शनिवार, त्यात प्रदोष. आणि ५ ऑक्टोबरला, रविवारी, म्युनिकमधला उत्सव संपणार!

मी जरा मागचंही तपासलं. २०२४ साली तो उत्सव २१ सप्टेंबर ते ६ ऑक्टोबर होता. पहिले बारा दिवस पितृपक्षात, उरलेले चार नवरात्रात. एक दिवस सुटा नाही. २०२० साली मात्र पितृपक्ष आणि नवरात्र यांच्यामध्ये अधिक महिना घुसला आणि उत्सवाचा सगळा पंधरवडा मोकळा पडला. (अधिकात पिणं मोकळं असतं का, हे आईला विचारण्याचं धाडस मी करणार नाही.) तर त्या वर्षी कोरोनामुळे म्युनिकनं उत्सवच रद्द केला.

शरद ऋतूचं आपलं एकच अधिकृत पेय आहे, ते म्हणजे कोजागरीचं मसाला दूध. आणि ते श्रावणात बाजारात आणायची कुणाची टाप नाही. कासच्या फुलांचंही तसंच. कितीही गाड्या जुलैत वर चढू देत, पठार फुलायचं तेव्हाच फुलतं. टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदा उमलते. तिला म्हणावं, पुढच्या घाटातली तुझ्या आधी फुलली, तर ती ढुंकून बघणार नाही.

असो. ५ ऑक्टोबर. दुपारी साडेतीन. गच्चीवर तीन खुर्च्या, तीन स्टीलचे पेले, शेंगदाणे. ऑक्टोबर हीट अशी, की खुर्चीला पाठ टेकवत नव्हती. मी खाली फ्रीज उघडला. आत दूध. पाच लिटर. उद्याची कोजागरी.

"आई, ते सातूचं पाणी?"

"ते होय? घट बसायच्या दिवशी फ्रीज धुतला तेव्हाच माळ्यावर टाकलंय. गणपतीच्या मखरामागं बघ."

पत्र्याखालचा माळा. दोन आठवडे. बर्फ नाही, तळघर नाही, चेस्टनट नाही. मखरामागे हात घातला, तर मोजे तीन आणि बाटली एक. बाटलीचा स्पर्श चहाच्या किटलीसारखा.

"दोन आप्पांना दिल्या रे. त्यांना फार आराम पडला म्हणाले पहिल्या बाटलीनं."

आता बिअरनं मुतखड्याला आराम पडतो असा कुणी अर्थ काढू नये. आप्पा तेव्हा दिवसाला तीन तांबे साधं पाणीही पीत होते.

बाटली दुधाच्या पातेल्यांमध्ये चाळीस मिनिटं कोंबून थोडी निवली, तेव्हा तिघांनी मिळून उघडली. फेस आला तो बराचसा बापूंच्या बाहीवर. उरलेली तीन पेल्यांत समान वाटली, चहाच्या कपाएवढी. रंग छान होता, बिनदुधाच्या चहासारखा, उन्हात तांबूस. वास भाजलेल्या सातूच्या पिठाचा. मास्तरांनी डोळे मिटून घोट घेतला. १८७२ पासून त्या मंडपांत हीच मिळायची, पण अलीकडे मात्र तिथं फिकट सोनेरी बिअरच देतात, ही माहिती त्यांनी तेव्हा दिली. म्हणजे ज्या उत्सवासाठी आम्ही पन्नास दिवस थांबलो, त्यात ही नव्हतीच.

बापूंनी पेला खाली ठेवला. "आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?"

इतक्यात जिन्यावर चपला वाजल्या. आप्पा. हातात रिकाम्या तीन बाटल्या, स्वच्छ धुतलेल्या, एकीत मनी प्लांट लावलेला.

"म्हटलं, तुमच्याकडं आणखी उघडताय असं वहिनी म्हणाल्या. जरा बघू?"

मी माझा पेला पुढे केला. नाही म्हणायला तोंड नव्हतं. आप्पांनी आधी वास घेतला, मग घोट घेऊन तो जिभेवर फिरवला आणि मान हलवली.

"ही उतरलीय हो. ऑगस्टात पहिली दिलीत ना, तिला काय चव होती! पाव भाजल्यावर कड खरपूस होते, तशी. शेवटी जराशी कडू. नवरात्रातल्या दोन्ही त्या मानानं फिक्या. ही तर अगदीच बसली."

बापूंनी शेंगदाण्यांची वाटी उचलली आणि मास्तरांच्या समोरून काढून आप्पांसमोर ठेवली.