उजवीकडचा मान

फ्रान्समधल्या ल्यों शहरात मेट्रो आहे, ट्राम आहे, डोंगरावर चढणारी फ्युनिक्युलर रेल्वे आहे, आणि गावात फिरायला शहाणी माणसं तीच वापरतात. अशा गावात भाड्याने गाडी घ्यायला एकच कारण पुरतं, ते म्हणजे नवरा. त्याला तिथून आल्प्सच्या पायथ्याशी, आनसीला, ‘आपल्या वेळेने’ जायचं होतं. आगगाडी फ्रेंचांच्या वेळेने सुटते, हा त्याचा तिच्यावरचा आक्षेप.

तयारी मात्र जंगी. आरटीओत माणशी हजार रुपये भरून त्याने दोघांची इंटरनॅशनल परमिटं काढली. माझंही कशाला, तर एका फेरीत दोन कामं होतात म्हणून. मग रोज रात्री जेवणं झाली की सोफ्यावर बसून, व्हिडिओ लावून, त्याची रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवण्याची शिकवणी चालायची. गोल चौकात कोण थांबतं, पॅरिसला आर्क द त्रिओंफ या कमानीभोवती तोच नियम कसा उलटा होतो आणि बारा रस्त्यांनी आत घुसणाऱ्यांसाठी आतल्यांनीच कसं थांबायचं असतं, हे त्याने माझ्या माहेरच्यांनासुद्धा व्हिडिओ कॉलवर समजावून सांगितलं.

ल्योंच्या पार-द्यू स्टेशनाजवळ, गाड्या भाड्याने देणाऱ्यांच्या काउंटरवर ही सगळी विद्या वाया गेली. डिपॉझिट क्रेडिट कार्डावरच अडकवतात, आणि कार्ड ज्याच्या नावाचं, तोच मुख्य चालक. आमच्या घरात क्रेडिट कार्ड माझं एकटीचं आहे. नवऱ्याचा त्याला तात्त्विक विरोध आहे. दुसरा चालक नोंदवता येतो, पण त्याचे रोजचे वेगळे पैसे पडतात. तो आकडा ऐकून त्याने डोळे मिटले, युरोचे रुपये केले, डोळे उघडले आणि अत्यंत प्रेमाने म्हणाला, “अगं, तूच चालव. तुला छान जमेल.”

ऑटोमॅटिकचं भाडं जास्त, म्हणून गिअरची गाडी. तिला काही झालं तर पहिले हजार-बाराशे युरो आमचे, हे कळल्यावर नवऱ्याने मोबाइलचा टॉर्च लावून तिची जी तपासणी केली, ती आमच्या लग्नाआधी एकमेकांचीही कुणी केली नव्हती. कागदावरच्या गाडीच्या चित्रात ओरखड्यांच्या फुल्याच फुल्या झाल्या. काउंटरवरचा मुलगा शांतपणे सही करत होता. त्या गावात चरा नसलेली गाडी म्हणजे नुकतीच शोरूममधून निघालेली, एवढं मला समोरच्या रस्त्याकडे बघूनच कळलं होतं.

निघालो. गिअर उजव्या हाताला, पण माझा डावा हात दर चौकात दाराच्या खिशात गिअर शोधायचा. आपल्याकडे बहुतेक गाड्यांत इंडिकेटर उजव्या दांडीवर असतो, तिथे डाव्या. त्यामुळे लख्ख उन्हात, प्रत्येक वळणाआधी, आमचे वायपर नेमाने फिरत होते. मागच्या गाड्यांना त्यातून काय बोध झाला कोण जाणे, पण त्या अंतर राखून होत्या. आणि न्यायाने जिथे स्टिअरिंग असायला हवं, त्या सीटवर नवरा, पायाखालच्या मॅटवर ब्रेक दाबत.

“अगं, उजवीकडे!”

“वळू?”

“वळू नको, बघ!”

बघण्याचं कारण असं. मोठ्या रस्त्यावरच्याने बोळातल्याला दबकावायचं, हा आपला शिरस्ता. फ्रान्समध्ये, वेगळी पाटी किंवा सिग्नल नसेल तिथे, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. मग तो कितीही फालतू बोळातून येवो. तो जावई आहे. न कळवता येतो, इकडेतिकडे बघत नाही, आणि आपण हातातलं काम टाकून त्याला वाट द्यायची. हॉर्न वाजवून त्याला थोपवावं, तर तीही सोय नाही. धोका असल्याशिवाय गावात हॉर्न वाजवायला मनाई. पुण्यात वाढलेल्या बाईचा हॉर्न काढून घेतल्यावर तिच्याकडे बोलायला उरतं काय?

मार्च 2022पासून ल्योंच्या बहुतेक रस्त्यांवर ताशी 30ची मर्यादा आहे आणि मोडली तर 135 युरो दंड, हा एक भाग मला मनापासून पटला. त्याहून जोरात जायची माझी हिंमतच नव्हती. सायकलवाले मात्र एकेरी रस्त्यावर खुशाल समोरून अंगावर येतात. नो एंट्रीच्या पाटीखाली दुसरी छोटी पाटी असते, सायकली सोडून. आपल्याकडे हेच काम लोक पाटीविना करतात.

सिग्नल चौकाच्या अलीकडच्या खांबावर. रेघेजवळ थांबलं की वरचा दिवा दिसेनासा होतो, म्हणून त्याच खांबावर डोळ्यांच्या उंचीला छोटे दिवे असतात. ते सापडेपर्यंत हिरवा होऊन गेलेला.

अशा मनःस्थितीत लेन चुकून आम्ही फुर्व्हिएरच्या बोगद्यात शिरलो. पॅरिसकडून भूमध्य समुद्राकडे जाणारा महामार्ग शहराच्या पोटातून काढायची कल्पना कुणाच्या तरी डोक्यात आली, आणि 1971 साली हा बोगदा खुला झाला. तेव्हापासून सुट्टीला दक्षिणेकडे निघालेले लोक इथे अडकून बसल्याच्या कहाण्या फ्रान्सभर सांगतात. आम्हीही अडकलो. नवरा चिडला. मला त्या दिवसातला सर्वांत सुखाचा काळ तोच वाटला. बोगद्यात उजवीकडून कोणी येत नाही.

संध्याकाळी गाडी लावायला जागा शोधण्यात आनसीचा बेत उद्यावर गेला. शेवटी सेलेस्तँ चौकाखालच्या पार्किंगमध्ये उतरलो. हे पार्किंग बघायला पर्यटक येतात, खरंच. मधोमध गोल पोकळी, तिच्याभोवती कमानी, आणि वळसे घेत खाली जाणारा उतार. पोकळीच्या तळाशी दान्येल ब्युरेन या कलावंताने 1994 साली तिरका आरसा बसवलाय, तो सावकाश फिरत असतो. मी पहिल्या गिअरमध्ये, डोकं गरगरत, खाली खाली चालले होते. नवऱ्याने प्रथमच एकही सूचना केली नाही. गाडी लागल्यावर म्हणाला, “आता आनसीला आगगाडीनेच जाऊ.”

वर चौकात एक पेरिस्कोप आहे, त्यातून तो आरसा दिसतो. नवरा त्याला डोळा लावून बसला. मागे दोन मुलं घेऊन एक बाई वाट बघत उभी. फ्रान्समध्ये पार्किंगचे पैसे पंधरा-पंधरा मिनिटांच्या हिशोबाने लागतात, ही माहिती त्याला नुकतीच मशीनवर मिळाली होती.

“अरे, दिसते का गाडी?”

“गाडी नाही दिसत,” तो डोळा न काढता म्हणाला, “पण पंधरा मिनिटं झाली.”