पैसे भरून मिळालेल्या प्रमाणपत्रावर ४ श्रेयांक (क्रेडिट)? खुलासा

'ऑनलाइन फायनान्स इंटर्नशिपचं प्रमाणपत्र घ्या, ४ श्रेयांक थेट एबीसी खात्यात जमा' असा मेसेज लातूर-नांदेडच्या बी.ए., बी.कॉम.च्या ग्रुपांवर फिरतोय. तसं होत नाही. एबीसी म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा होतात ते डिजिटल खातं. त्यात श्रेयांक विद्यापीठ चढवतं. ना कंपनी, ना विद्यार्थी.

यूजीसीच्या हिशेबाने इंटर्नशिपचा १ श्रेयांक म्हणजे ३० तास. ४ श्रेयांकांना १२० तास, रोज ६ तास धरले तर २० दिवस. घोळ इथेच होतो. प्रमाणपत्रावर नुसतं 'एक महिना' लिहिलेलं असतं, तासांचा पत्ता नसतो. म्हणून रोजची नोंदवही ठेवा: तारीख, वेळ, काम, सही. 'बँकेचं काम पाहिलं' ही नोंद कुचकामी. 'सोयाबीनची आवक, किमान-कमाल-सर्वसाधारण दर एक्सेलमध्ये भरले, ६ तास' ही चालते.

जागा लांब शोधायची गरज नाही. बाजार समिती, पतसंस्था, सीएचं ऑफिस, कुठेही चालेल. मात्र विभागप्रमुखांची लेखी संमती रुजू होण्याआधी घ्या. (नंतर मागायला गेलात की हेलपाटे ठरलेले.) मानधन मिळालं नाही म्हणून श्रेयांक अडत नाहीत. आणि श्रेयांकासाठी फी मागणाऱ्याला आधी विचारा, कॉलेजशी करार आहे का?