नव्वद दिवसांत नवा माणूस होत नाही

गेल्या महिन्यात, दारू सोडलेल्यांच्या आमच्या मीटिंगला येणाऱ्या एका पोराने मला व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मजकूर पाठवला. तुमच्याकडेही आला असेल. दारू सोडायला फक्त निश्चय लागतो, डॉक्टर-औषध काही नको. 7 दिवसांत शांत झोप, 30 दिवसांत लिव्हर नव्यासारखं, 90 दिवसांत नवा माणूस, वर्षभरात घरच्यांचा विश्वास आणि चारचौघांतला मान परत. आणि वर्ष काढलंत की व्यसन मुळासकट गेलं, मग सणासुदीला थोडी घेतली तरी बिघडत नाही. खाली पोराने लिहिलं होतं, ‘काका, माझे 94 दिवस झाले. मला काहीच नवीन वाटत नाही. माझं काय चुकतंय?’

मी 17 वर्षं प्यायलो, त्यातली शेवटची 5 सकाळी उठल्यापासून. आता सोडून 14 वर्षं झाली. त्या पोराशी फोनवर जे बोललो तेच इथे लिहितोय. हा मजकूर लोक चांगल्या मनाने पाठवतात, पण त्याने जीवही जाऊ शकतो.

जीव जाऊ शकतो म्हणतो ते पहिल्याच वाक्यामुळे. दारू मेंदूला सुस्त करते. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू त्या सुस्तीवर मात करायला स्वतःला सतत चढ्या गतीवर ठेवायला शिकतो. अशा माणसाची दारू एका रात्रीत बंद केली की ती चढी गती तशीच राहते आणि तिला आवरणारं काही उरत नाही. हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भास होतात, माणूस कुठे आहे हेच त्याला कळेनासं होतं, आणि उपचार मिळाले नाहीत तर तो दगावूही शकतो. मला भिंतीवरून मुंग्यांच्या रांगा उतरताना दिसल्या होत्या. बायकोने शेजाऱ्यांना बोलावून मला दवाखान्यात नेलं म्हणून मी आहे. डॉक्टर अशा वेळी औषधं देऊन ती गती हळूहळू खाली आणतात, बी-1 जीवनसत्त्व टोचतात. ज्याचे हात सकाळी घोट घेतल्याशिवाय स्थिर होत नाहीत, त्याने घरात कोंडून घेऊन, देवाची शपथ घालून दारू सोडू नये. निश्चय हवाच, पण तो डॉक्टरसमोर जाऊन बसण्याचा.

झोपेचं थोडक्यात सांगतो. माझी झोप सुधारायला वर्षाच्या आसपास लागलं. त्यातही आपण प्यायलो असं स्वप्न पडायचं, दचकून उठायचो आणि तोंडावर हात धरून स्वतःचा वास घ्यायचो. मीटिंगमध्ये विचाराल तर अर्धे लोक हेच सांगतील.

लिव्हरबद्दल मजकुरात थोडं खरं आहे. नुसती चरबी साठली असेल तर दारू थांबवल्यावर काही आठवड्यांत ती बरीच उतरते. सिऱ्होसिस, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक झालं असेल, तर ते व्रण मात्र बहुतेक वेळा तसेच राहतात. तरीही त्या अवस्थेतही सोडणारा माणूस न सोडणाऱ्यापेक्षा जास्त जगतो. रिपोर्ट वाईट आला म्हणून ‘आता काय उपयोग’ म्हणत परत गुत्त्याकडे वळणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

आता ते 90 दिवस. त्या पोराचं काहीही चुकत नाहीये. इतकी वर्षं राग आला की प्यायची, आनंद झाला की प्यायची, कंटाळा आला तरी प्यायची. ती काढून घेतल्यावर राग, आनंद, कंटाळा सगळं उघडं पडतं आणि त्याचं करायचं काय हे आपल्याला माहीतच नसतं. त्यात संध्याकाळ. सात ते दहा हे तीन तास एवढे मोठे असतात हे मला पिताना कधी कळलंच नव्हतं. ज्यांच्याबरोबर बसायचो ते सुटले, नवे लोक अजून जोडले नव्हते. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथला मुक्काम साधारण पाच आठवड्यांचा असतो, पण नंतर फॉलोअपला येत राहा असं सांगतात. खरी कसोटी घरी परतल्यावरच सुरू होते. 1935 साली सुरू झालेल्या एएमध्ये, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेत, ‘फक्त आजचा दिवस’ म्हणतात. नव्वदावा दिवस उजाडला तरी त्या दिवसाचं काम तेवढंच असतं, आज प्यायची नाही.

विश्वास वर्षात परत येतो, हे वाक्य लिहिणाऱ्याने पिणाऱ्याच्या बायकोला विचारलेलं नाही. मी पीत होतो तेव्हा तिला रडायलाही उसंत नव्हती. फी, किराणा, माझे फोन, माझ्या खोट्या रजा, सगळं तीच निभावत होती. मी शुद्धीवर आलो, आणि दुसऱ्या वर्षी तिचा राग बाहेर आला. मला वाटायचं, आता मी पीत नाही, तरी ही का भांडते? अशाच मीटिंगमधल्या एका जुन्या माणसाने सांगितलं, ‘आत्ता तिला ऐकणारा माणूस मिळालाय, ऐक.’ ऐकत राहिलो. गहाण टाकलेली तिची पोत सोडवायला चौथं वर्ष उजाडलं. मुलगी तर किती तरी वर्षं मी दारात आलो की आधी माझ्या डोळ्यांकडे बघायची. तिला कुणी तसं शिकवलं नव्हतं. बायको पैसे तांदळाच्या डब्यात लपवायची, हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिला. सहाव्या वर्षी एकदा गॅसवाला आला, ती आतून सहज म्हणाली, ‘तांदळाच्या डब्यात आहेत, घ्या.’ मी डब्यात हात घालून तसाच उभा राहिलो होतो.

मानाचंही तसंच झालं. एवढंच कळतं की आता रात्री दोन वाजता कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं, तर चाळीतले लोक माझं दार वाजवतात. या वेळी गाडी चालवण्याच्या अवस्थेत मी असणार, हे त्यांनी धरलेलं असतं.

राहिला शेवटचा मुद्दा. शिकागोत उपचारांना आलेल्या अकराशेहून जास्त व्यसनी माणसांचा आठ वर्षं मागोवा घेतला गेला, 2007 मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. सोडून वर्ष न झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांशच पुढे टिकले. एक ते तीन वर्षं झालेल्यांपैकी दोन तृतीयांश टिकले, आणि पाच वर्षांच्या पुढे गेलेल्यांपैकी सुमारे 86 टक्के. म्हणजे वर्षागणिक पाय घट्ट रोवला जातो, पण एका वर्षाने तो रोवला गेला असं कुणी समजू नये. आणि टिकले याचा अर्थ एक थेंबही घेतला नाही. आमच्या गटातल्या एकाने 9 वर्षांनी पोरीच्या लग्नात एक बिअर घेतली. दिवाळीपर्यंत तो पूर्वीच्याच खंब्यावर, म्हणजे अख्ख्या बाटलीवर होता. मधली 9 वर्षं त्याच्या शरीराने हिशेबात धरलीच नाहीत.

गेल्या डिसेंबरात भाचीची हळद होती. मेव्हण्याने ग्लास पुढे केला, ‘दाजी, 14 वर्षं झाली, आता काय होतंय?’ मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जेवून घेतलं. बायकोने माझ्याकडे न बघताच पर्स उचलली. दहाच्या आत आम्ही निघालो होतो.