खुलासा : ‘दहा वर्षांचा बी-१ असला की अमेरिकेत काम करता येतं’

व्हॉट्सॲपवर फिरणारा निरोप असा : अमेरिकेचा दहा वर्षांचा बी-१ (व्यावसायिक भेटीचा) व्हिसा असेल आणि पगार भारतातच जमा होत असेल, तर क्लायंटच्या ऑफिसात बसून काम करायला हरकत नाही. हे चूक आहे.

दहा वर्षं ही विमानतळावर प्रवेश मागण्याची मुदत. राहायचे दिवस तिथला अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिन्यांपर्यंत. कधीपर्यंत राहता येईल ती तारीख आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीत असते. उतरल्यावर ऑनलाइन उघडून लगेच तपासा. पासपोर्ट त्याआधी संपत असेल तर मुदत अनेकदा तिथेच तुटते. तारीख उलटून राहिलात तर तो व्हिसा आपोआप रद्द होतो. मुदतवाढ हवी असल्यास आय-५३९ अर्ज तारखेआधी भरा.

पगार भारतातून येणं ही अट खरी, पण एकटी पुरेशी नाही. बैठका, करारावरची बोलणी, परिषदा चालतात. क्लायंटच्या टीममध्ये बसून रोजचं कोडिंग नाही. बी-१ वर असंच काम करून घेतल्याच्या आरोपांवर इन्फोसिसने २०१३ मध्ये ३.४ कोटी डॉलर भरून तडजोड केली (आरोप मात्र अमान्य केले).

पुण्या-चाकणच्या यंत्र कारखान्यांसाठी महत्त्वाची सवलत : अमेरिकेबाहेरच्या कंपनीने विकलेलं यंत्र बसवायला किंवा दुरुस्तीला तिचा जाणकार तंत्रज्ञ बी-१ वर जाऊ शकतो. मात्र ही सेवा विक्री करारात स्पष्ट लिहिलेली हवी. नुसती पर्चेस ऑर्डर दाखवली आणि त्यात इन्स्टॉलेशनचं कलमच नसलं, की घोळ होतो. कराराची प्रत हातातल्या बॅगेत ठेवा. पाया खोदणं, बांधकाम मात्र स्वतः करायचं नाही; फक्त देखरेख किंवा प्रशिक्षण.