‘स्वल्पविरामांची पोथी’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार ‘पीएचडीग्रस्त’,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण लेख शेवटपर्यंत वाचून मग चिडलेल्या माणसाची आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शोधनिबंधात संदर्भ कसे द्यावेत यावरचा माझा लेख म्हणजे नुसती स्वल्पविरामांची पोथी आहे, हे काम आता झोटेरो आणि मेंडेली ही संदर्भ सांभाळणारी सॉफ्टवेअर एका क्लिकवर करतात, संदर्भसूची तसंही कोणी वाचत नाही, आणि मूळ पेपर हाती लागत नसेल तर दुसऱ्याच्या सूचीतून संदर्भ उचलायला काय हरकत आहे, ‘माहिती तर तीच असते’. शिवाय जाता जाता एक प्रश्न विचारलाय, त्याचं उत्तर शेवटी.

स्वल्पविरामांचं आधी उरकून टाकू, कारण तिथे माझं तुमच्याशी भांडणच नाही. संदर्भ लिहिण्याच्या ठरलेल्या शैली अनेक: एपीएच्या सूचीत साल लेखकाच्या नावामागोमाग कंसात येतं, एमएलएत ते मागे जातं, व्हँकूव्हर पद्धतीत मजकुरात नुसता आकडा असतो. यातली कुठली पद्धत श्रेष्ठ यावर वाद घालणाऱ्यांना वेळ बराच असावा. एपीएने आपल्या नियमपुस्तिकेच्या २०१९ च्या सातव्या आवृत्तीत पुस्तकाच्या नोंदीतून प्रकाशनाचं शहर काढून टाकलं, तेव्हा कोणाचंही काही अडलं नाही. जर्नल जी शैली मागेल ती घ्यावी, शेवटपर्यंत तीच पाळावी आणि मोकळं व्हावं. झोटेरो मीही वापरते. फक्त त्याला जे भरवाल तेच तो छापतो. बाहेरून आयती घेतलेली नोंद पाहा: संपादित ग्रंथातलं प्रकरण स्वतंत्र पुस्तक होऊन येतं, संपादक गायब असतो, मूळ सालाऐवजी पुनर्मुद्रणाचं साल पडलेलं असतं, दोन आडनावं लावणाऱ्या स्पॅनिश लेखकाचं पहिलं आडनाव मधलं नाव होऊन बसतं. नोंद आत घेतानाच पेपरच्या पहिल्या पानाशी ताडून पाहिली की सबमिशनच्या आदल्या रात्रीची धावपळ वाचते.

माझा वाद आहे तो ‘माहिती तर तीच असते’ या वाक्याशी. ती तीच आहे हे तुम्हाला कळलं कसं? मूळ पेपर तर तुम्ही उघडलेलाच नाही.

एक उदाहरण जरा सावकाश सांगते. १९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं एक पत्र छापून आलं. पत्र म्हणजे संपादकाला लिहिलेलं पत्रच, शोधनिबंध नव्हे. त्यात मोजून पाच वाक्यं. रुग्णालयात दाखल असलेल्या आणि किमान एकदा तरी अफूवर्गीय वेदनाशामक मिळालेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, त्यांत आधी व्यसन नसलेल्यांपैकी फक्त चौघांना व्यसन जडल्याची बऱ्यापैकी खात्रीशीर नोंद सापडली, एवढंच त्यात होतं. हे रुग्ण देखरेखीखाली होते. घरी जाऊन महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांचं काय होतं, याबद्दल पत्रात चकार शब्द नाही.

पुढे २०१७ मध्ये त्याच जर्नलमध्ये काही संशोधकांनी या पत्राचा पाठपुरावा छापला. त्यांना पत्राचा संदर्भ देणारी ६०८ प्रकाशनं सापडली. त्यातल्या ७२ टक्क्यांहून अधिक ठिकाणी ‘या औषधांचं व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून ते वापरलं होतं, आणि ८० टक्क्यांहून अधिक ठिकाणी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते, ही गोष्टच गाळलेली होती. दीर्घकालीन दुखण्यावर ही औषधं बिनधास्त लिहून द्यावीत, या समजाला त्यातून बळ मिळालं आणि उत्तर अमेरिकेतल्या ओपिऑइड संकटाला, म्हणजे याच अफूवर्गीय औषधांच्या व्यसनाच्या साथीला, हातभार लागला, असं त्या संशोधकांचं म्हणणं आहे. जर्नलने आता मूळ पत्रावर सावधगिरीची टीप लावली आहे.

आता गंमत बघा. या सगळ्या नोंदींत लेखकांची नावं बरोबर, साल बरोबर, खंड आणि पान क्रमांक बरोबर असू शकतात. तुमचा झोटेरो आणि माझी पोथी, दोघंही त्यांना पैकीच्या पैकी गुण देतील. तरीही संदर्भ चुकीचाच, कारण स्रोत जे म्हणत नाही ते त्याच्या तोंडी घातलंय. पाच वाक्यं वाचायला किती वेळ लागतो?

न वाचता संदर्भ देण्याचा हा आजार किती पसरलाय, याचा अंदाज सिमकिन आणि रॉयचौधरी या संशोधकांनी २००३ मध्ये मोठ्या चतुराईने घेतला होता. भौतिकशास्त्रातल्या एका गाजलेल्या पेपरचे सुमारे ४३०० संदर्भ त्यांनी घेतले. त्यातल्या १९६ नोंदींत आकडे चुकले होते, पण वेगवेगळ्या चुका अवघ्या ४५. पान क्रमांकाची एकच चूक ७८ जणांनी केली होती. अठ्ठ्याहत्तर माणसं स्वतंत्रपणे तीच चूक करत नाहीत. ती नक्कल करतात. त्यावरून मूळ पेपर वाचणारे साधारण २० टक्केच असावेत, असं गणित त्यांनी मांडलं. (हे गणित आहे, प्रत्यक्ष मोजणी नाही. एखाद्याने पेपर नीट वाचला आणि नोंद मात्र दुसरीकडून चिकटवली, असंही होतं. म्हणून मी ‘सिद्ध केलं’ असं न लिहिता ‘अंदाज घेतला’ असं लिहिलं. क्रियापद निवडणं हाही संदर्भ देण्याचाच भाग आहे, आणि तो कुठलंही सॉफ्टवेअर करून देत नाही.)

याहून मासलेवाईक किस्सा एका नसलेल्या पेपरचा आहे. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या टेम्प्लेटमध्ये संदर्भ कसा लिहावा, याचा नमुना म्हणून एक काल्पनिक नोंद दिली होती: व्हान डेर खेर आणि इतर, साल २०००. असा पेपर नाही, नोंदीत दिलेल्या नावाचं जर्नलही नाही. तरी अॅन-विल हार्झिंग या संशोधिकेने २०१७ मध्ये शोध घेतला तेव्हा जवळपास ४०० प्रकाशनांत तो ‘संदर्भ’ म्हणून बसलेला होता. बहुतेकांनी टेम्प्लेट भरताना नमुन्याची ओळ पुसलीच नव्हती. आता चॅटबॉट अशा ओळी मागाल तितक्या बनवून देतात, वर खऱ्या लेखकांची नावं आणि खऱ्यासारखा दिसणारा डीओआयही (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) जोडतात. तो डीओआय ब्राउझरमध्ये टाकून बघायला पाच सेकंद लागतात.

मग मूळ पेपर मिळतच नसेल तर? हा तुमचा प्रश्न रास्त आहे. आधी खरोखर शोधा: संस्थेच्या ग्रंथालयातून दुसऱ्या ग्रंथालयाची प्रत मागवता येते, लेखकाने प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापण्याआधीची प्रत) कुठेतरी ठेवलेली असते, आणि लेखकाला दोन ओळींचा ईमेल केला तर अनेकदा पीडीएफ येते. एवढं करूनही नाहीच मिळालं, तर खरं ते लिहा. समजा क्ष यांचा १९६२ चा पेपर तुम्ही पाहिलेला नाही, य यांच्या २०१५ च्या पुस्तकात त्याबद्दल वाचलंय. मजकुरात लिहायचं: ‘क्ष, १९६२; य, २०१५, पृ. ४५ मध्ये उद्धृत’. एपीएप्रमाणे सूचीत फक्त य येतील, क्ष नाही. यात कमीपणा कसला? य यांनी क्ष यांचं म्हणणं मोडूनतोडून मांडलं असेल, तर त्याची जबाबदारी कुठे आहे हे वाचकाला दिसतं. उलट क्ष यांना थेट सूचीत टाकलं की य यांची चूक तुम्ही स्वतःच्या नावावर घेता, शिवाय शोधण्याचे त्यांचे कष्ट खिशात घालता ते वेगळंच. मात्र ज्या पेपरवर तुमचा अख्खा युक्तिवाद उभा आहे, तो असा उसना चालणार नाही. तो मिळवायलाच हवा.

‘सूची कोणी वाचत नाही’ म्हणता? परीक्षक म्हणून पेपर हाती आला की मी आधी सूचीच उघडते. कोणाला वाचलंय, कोणाला टाळलंय, सगळे संदर्भ एकाच जुन्या आढाव्यातून उचललेत का, हे तिथे पटकन कळतं. चूक किंवा लबाडी उघड झाल्यामुळे जर्नलने मागे घेतलेला पेपर सूचीत दिसला तर पुढचं सगळं मी संशयाने वाचते. (झोटेरोच्या बाजूने बोलायचं तर, असे पेपर तो लाल पट्टी दाखवून सांगतो. ती पट्टी बंद करू नका.)

तुमच्या प्रतिक्रियेत नसलेली, पण मला फार छळणारी एक गोष्ट इथेच सांगून टाकते. परिच्छेदात चार वाक्यं असतात. पहिल्यात एक आकडेवारी, दुसऱ्यात तिचं कारण, तिसऱ्यात लेखकाचं स्वतःचं मत, चौथ्यात सरसकट निष्कर्ष, आणि पार शेवटी कंसात एकच संदर्भ. त्या कंसाची सत्ता कुठपर्यंत? आकड्यापुरती, की मतावरही? वाचक धरून चालतो की सगळंच त्या स्रोतातलं आहे, आणि लेखकाचं मत परस्पर दुसऱ्याच्या नावावर जमा होतं. कंस आकडा आला त्याच वाक्यात टाका आणि पुढचं वाक्य ‘माझ्या मते’ किंवा ‘यावरून असं दिसतं’ असं सुरू करा. चारशे पानांच्या ग्रंथाचा दाखला देताना पान क्रमांकही द्या, शैलीने तो सक्तीचा केला नसला तरी. आणि शब्द बदलले पण वाक्यांचा क्रम आणि बांधणी मूळचीच ठेवली, तर खाली संदर्भ असूनही ती नक्कलच राहते. मूळ पान मिटून ठेवा आणि कळलंय ते आठवून लिहा. जमलं नाही, तर समजलेलं नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: सर्वांना माहीत असलेल्या गोष्टीलाही संदर्भ लागतो का? नाही. पाणी हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं बनलेलं आहे, याला कोणी दाखला मागणार नाही. पण हे ‘सर्व’ कोण, ते तुमच्या वाचकावर ठरतं. संख्याशास्त्राच्या जर्नलमध्ये जे उघड आहे, ते शिक्षणशास्त्राच्या जर्नलमध्ये समजावून सांगावं लागतं, दाखल्यासकट. आणि ‘आजकालचे विद्यार्थी पूर्वीइतकं वाचत नाहीत’ यासारखी वाक्यं सर्वांना माहीत असल्यासारखी वाटतात, पण ती दावे असतात: कुठले विद्यार्थी, कधीच्या तुलनेत, काय वाचत नाहीत, कोणी मोजलं? अशा वाक्याला संदर्भ शोधा. सापडला नाही, तर वाक्य काढून टाका.