ब्रिटिश म्युझियमच्या अंगणात ममी

भयपट म्हटला की आपल्याकडचा सुशिक्षित माणूस जरा ओशाळतो. 'असंच, टाइमपास म्हणून बघितला' असं म्हणून मोकळा होतो. म्हणून २०१३ साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने ऑगस्टपासून पुढच्या जानेवारीपर्यंत देशभर गॉथिक सिनेमाचा उत्सव मांडला, तेव्हा मला आधी गंमत वाटली आणि मग सरळ सरळ हेवा. पडके वाडे, रक्तपिपासू सरदार, तळघरं, शापित घराणी असलेले दीडशेच्या आसपास सिनेमे, आणि तेही नुसते लंडनपुरते नाहीत. यामागे कोणी हौशी मंडळ नव्हतं. राष्ट्रीय लॉटरीचा पैसा वाटणारी ही मातब्बर संस्था.

यातली खरी मजा जुन्यांना कळेल. १९५७-५८ मध्ये हॅमर या ब्रिटिश सिनेमा कंपनीने बर्कशरमधल्या ब्रे स्टुडिओत थोडक्या पैशात रंगीत फ्रँकेन्स्टाइन आणि ड्रॅक्युला काढले, तेव्हा समीक्षकांनी नाकं मुरडली होती. याच संस्थेच्या 'साइट अँड साउंड' मासिकात त्या सुमारास भयपटांच्या लाटेवर आसूड ओढणारा लेख छापून आला होता. आणि उत्सव चालू असतानाच, ऑक्टोबर २०१३ मध्ये, त्याच संस्थेने तो ड्रॅक्युला रंगवणाऱ्या ख्रिस्तोफर लीला आपली फेलोशिप दिली. त्याने तेव्हा नव्वदी ओलांडली होती. उशिरा का होईना, दिली.

सुरुवात झाली ब्रिटिश म्युझियमच्या समोरच्या मोकळ्या अंगणात. ऑगस्टच्या शेवटी तीन रात्री, तीन सिनेमे. त्यातला एक होता हॅमरचाच १९५९चा 'द ममी'. इंग्रज पुरातत्त्ववाले इजिप्तमध्ये जाऊन एका राजकन्येची कबर फोडतात, आणि तिचा रखवालदार थेट इंग्लंडपर्यंत सूड घ्यायला येतो. त्यात एक संवाद आहे. पीटर कुशिंगचा इंग्रज नायक आणि इजिप्शियन खलनायक दिवाणखान्यात समोरासमोर बसलेत. खलनायक अगदी सभ्य आवाजात विचारतो आहे की मेलेल्यांची विश्रांती मोडायचा हक्क तुम्हाला दिला कुणी. आता हा संवाद कुठल्या भिंतीसमोर दाखवला बघा! आत काचेच्या पेट्यांत खऱ्या ममी निजलेल्या, बाहेर प्रेक्षक शालीत गुरफटून बसलेले. संयोजकांना हा विनोद कळला असणारच. त्यांनी तो मोठ्याने सांगितला असता तर मी जास्त टाळ्या वाजवल्या असत्या. गॉथिक म्हणजे शेवटी थकलेल्या उधारीची गोष्ट असते. गाडलेलं, लाटलेलं, लपवलेलं काहीतरी वसुलीला येतं. ते फक्त पडद्यावरच यावं अशी अट घालता येत नाही.

माझ्या मते या सगळ्या यादीचा मुकुटमणी म्हणजे १९६१चा 'द इनोसन्ट्स', जो उत्सवात पुन्हा थेटरांत आणला गेला. दोन पोरं, एक मोठं घर, एक नवी शिक्षिका. स्टुडिओचा आग्रह होता रुंद पडद्याचा, आणि भीतीला तर कोपरे, अरुंद जागा लागतात. मग छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिसने फिल्टरच्या कडा रंगवून काळ्या केल्या. चौकट रुंदच राहते, पण कडांनी अंधार आत सरकत असतो. आणि तरीही सगळ्यात भयंकर जागा भर उजेडातली! तळ्यापलीकडे लव्हाळ्यात काळ्या कपड्यातली एक बाई उभी आहे. बस्स. धावून येत नाही, किंचाळत नाही, दचकवणारं संगीत नाही. आजच्या भयपटवाल्यांना हा एक प्रसंग पाठ करायला लावला पाहिजे. दर चार मिनिटांनी कानाशी पत्र्याचा डबा आपटणं म्हणजे भीती नव्हे.

पण मला हेवा वाटला तो यादीचा नाही. दाखवायला प्रती होत्या, याचा. जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊचा १९२२चा 'नोस्फेराटू' तर कायद्याने मेलेला सिनेमा. 'ड्रॅक्युला' कादंबरी लिहिणाऱ्या स्टोकरच्या विधवेची परवानगी न घेता त्या कादंबरीवरून केला म्हणून जर्मन कोर्टाने १९२५ मध्ये सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला होता. परदेशी गेलेल्या प्रती वाचल्या म्हणून आज तो आहे. हॅमरच्या ड्रॅक्युलाच्या शेवटी, उन्हात विरघळताना तो बोटांनी स्वतःच्याच चेहऱ्याची कातडी ओरबाडतो. ते तुकडे ब्रिटिश सेन्सॉरच्या कात्रीत गेले होते. अनेक दशकांनी ते सापडले टोकियोच्या फिल्म संग्रहालयात, आगीतून वाचलेल्या रिळांत. आगीची झळ लागलेली ती रिळं कुणीतरी टाकून दिली नाहीत, आणि २०१२ मध्ये तो चेहरा परत जोडला गेला.

आणि आपण? २००३च्या जानेवारीत पुण्यात फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि नायट्रेटवरच्या, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या फितीवरच्या, कितीतरी जुन्या फिल्म गेल्या. दोन दिवस हळहळ, मग सामसूम. वास्तविक गॉथिकशी आपलं नातं काही उसनं नाही. म्युनिकचा योसेफ विर्शिंग १९२५च्या सुमारास हिंदुस्थानात आला, पुढे मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा कॅमेरा त्याने सांभाळला, आणि १९४९चा 'महल' त्यानेच टिपला. त्या झुलणाऱ्या झुंबराच्या आणि जिन्यांच्या सावल्या मुर्नाऊच्या देशातून आलेल्या डोळ्यांनी पाहिलेल्या आहेत. आपल्याला मात्र 'महल' म्हटलं की 'आयेगा आनेवाला' आठवतं आणि तिथेच गाडी थांबते. मराठीतही तेच. 'हा खेळ सावल्यांचा' म्हटलं की 'गोमू संगतीनं'. गाणी सुंदरच आहेत, वाद नाही. पण १९७६चा तो सिनेमा मनातल्या भीतीवर उभा आहे, आणि बहुतेकांनी तो तुकड्यातुकड्यांत, मोबाइलवर, आंबलेल्या रंगांत पाहिलाय.

'आमच्या वेळी काय सिनेमे होते' हे म्हणायला पैसे पडत नाहीत. प्रत शोधायला, धुवायला, दुरुस्त करायला पडतात. 'तुंबाड' २०२४ मध्ये पुन्हा लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला, म्हणजे तिकीट काढणारे लोक आहेत. तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाने एका पावसाळ्यात आठ दिवस काढावेत. एक 'महल', एक 'खेळ सावल्यांचा', रामसे बंधूंचा एखादा तरी, लाज न बाळगता. फक्त पुण्यातच नको. नांदेड, रत्नागिरी, चंद्रपूर, जिथे मोठा पडदा उरलाय तिथे.

तोवर एक विचारते. 'हा खेळ सावल्यांचा' थेटरात पाहिलेलं कुणी आहे का इथे? कुठल्या थेटरात, आणि अंधारात लोक घाबरले होते की शिट्ट्या मारत होते, तेवढं लिहा.