मे महिन्यात शेड रिकामं ठेवा

सेंद्रिय कोंबडीच्या नावावर हळद-लसणाच्या पाण्याचे व्हिडिओ फार फिरतात. पाजा, हरकत नाही. पण आपल्या विदर्भात पक्षी मरतो तो गर्दीनं, ओलीनं आणि कोंडलेल्या हवेनं. त्यावर हळदीचा इलाज नाही.

माझं मत सांगतो. बाराही महिने सारखीच बॅच घेणं हा ब्रॉयलर कंपनीचा हिशोब आहे, सेंद्रियवाल्यानं तो उचलू नये. गिरीराज किंवा वनराज जातीचा पक्षी बाजाराजोगा व्हायला ८०-९० दिवस लागतात. सप्टेंबरअखेर पिल्लं आणली तर माल डिसेंबरात निघतो, डिसेंबरात आणली तर मार्चच्या आत. आखाडीचा भाव दिसतो म्हणून एप्रिलात पिल्लं भरणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार.

का, ते ऐका. पिल्लाला पहिल्या आठवड्यात ३५ अंश लागतात, पुढं दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. चंद्रपूर-नागपूरकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणजे दुपारी बल्ब बंद ठेवूनही पिल्लू सुकतं. मोठ्या पक्ष्याला घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. त्यात दुपारी पोटात खाद्य असलं की पचनाची उष्णता वर चढते. म्हणून उन्हाळ्यात पक्षी असतीलच तर सकाळी ९ नंतर खाद्य उचला, संध्याकाळी ऊन उतरल्यावर द्या. छपरावर पऱ्हाट्या-तुराट्यांचा थर टाका. सगळ्यात जास्त विसरतात ती पाण्याची टाकी: उन्हात तापलेलं पाणी पक्षी नीट पीत नाही, आणि पाणी सुटलं की तो गेला. बारदाना भिजवा, पण वारा वाहत असेल तरच. बंद शेडमध्ये नुसता दमटपणा वाढतो.

पावसाळ्याचा शत्रू रक्ती हगवण. तिच्या जंतूंच्या अंडपेशी ओलसर उबेत एक-दोन दिवसांत रोग पसरवायला तयार होतात, तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं आधी सापडतात. सेंद्रियात रोजचं प्रतिबंधक औषध खाद्यात घालता येत नाही, तेव्हा शेडातली तुसाची गादी कोरडी ठेवणं हेच औषध. धानाच्या तुसाची मूठ घट्ट दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे. ओला भाग काढून फेका, रोज उलथापालथ करा. त्यावर चुना फेकू नका, अमोनिया आणखी उसळतो आणि डोळे चुरचुरतात. चुना रिकाम्या शेडसाठी. बाहेरचं आवार चार तुकड्यांत पाडा, चिखल झालेल्या तुकड्यात पक्षी सोडू नका.

हिवाळा सोपा वाटतो, तिथंच फसतात. थंडी म्हणून पडदे वरपर्यंत बांधले की सकाळी शेडात शिरवत नाही, आठवड्यात सर्दी-खोकला सुरू. वर फूटभर मोकळं ठेवा. कोळशाची शेगडी असेल तर धूर बाहेर जायला वाट हवीच. पहाटे पिल्लं ढिगात दडपून मरतात, म्हणून पिल्लांभोवती गोल गार्ड (कडं) लावा, कोपरा ठेवू नका.

खाद्याबद्दल एकच भांडण. घरचं सोयाबीन कच्चं घालू नका. त्यातला घटक प्रथिनांचं पचन अडवतो, पिल्लं हगतात आणि वाढत नाहीत. कच्चा वास जाईपर्यंत भाजा. हेक्झेन या रसायनानं तेल काढलेली सोयापेंड (डीओसी) सेंद्रियात बसत नाही. चार आठवड्यांनंतर १०० किलोला मका ६०, भाजलेलं सोयाबीन ३०, घाण्यावरची तिळाची पेंड ७, उरलेल्यात खनिज मिश्रण, चुनखडी आणि मीठ (मीठ ३०० ग्रॅमच). तीळ यासाठी की सोयाबीनमध्ये कमी पडणारं मिथिओनिन हे अमिनो आम्ल त्यात असतं. पावसात भिजलेला, बुरशीचा मका स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, यकृत खातं. सरकीची पेंड गायीलाच राहू द्या.

आणि लस. सेंद्रिय म्हणजे लस नाही, हे कुणी सांगितलं? प्रमाणित सेंद्रिय पालनातही ती चालते. मानमोडीची (राणीखेत) लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी, गंबोरो रोगाची चौदाव्याला, लासोटा पुन्हा चौथ्या आठवड्यात. लस पाण्यातून देत असाल तर त्या दिवशी ब्लिचिंग पावडरचं पाणी वापरू नका, लसच मरते.